नोंद, नाव आणि नाणे : पाद्री वुडफोर्डच्या दैनंदिनीतील रोजचे जगणे

दैनंदिनीकडे साहित्यसमीक्षा सहसा दोन वाटांनी जाते. एक वाट चरित्राची. लेखक मोठा असेल तर त्याच्या इतर कृतींवर प्रकाश टाकणारे साधन म्हणून त्याची दैनंदिनी वाचली जाते. दुसरी वाट सामाजिक इतिहासाची. लेखक सामान्य असेल तर त्याच्या काळातील भाव, भाकरी, हवामान आणि रोगराई यांच्या माहितीचे कोठार म्हणून ती उपसली जाते. दोन्ही वाटांवर दैनंदिनी हे दुसऱ्या कशाचे तरी साधनच राहते. तिच्यातील वाक्यांची घडण, नोंदींची पुनरावृत्ती, कोणते नाव घ्यायचे आणि कोणते गाळायचे याविषयीचे तिचे अलिखित नियम, म्हणजे जिला संहिता म्हणता येईल तो तिचा भाग, बहुधा दुर्लक्षितच राहतो. जेम्स वुडफोर्ड या अठराव्या शतकातील इंग्रज पाद्र्याची दैनंदिनी या दुर्लक्षाचे ठळक उदाहरण आहे. ती भरपूर वाचली गेली, तिच्यावर प्रेमही केले गेले. पण तिचे वाचन बहुतांशी निवडक उताऱ्यांचे झाले आणि त्या निवडीनेच तिचा अर्थ ठरवून टाकला.

वुडफोर्डचा जन्म १७४० सालचा, सॉमरसेटमधील ॲन्सफर्ड गावचा. शिक्षण ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात. १७७६पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १ जानेवारी १८०३पर्यंत, तो नॉरफोक परगण्यातील वेस्टन लाँगव्हिल या खेड्याचा पाद्री होता. वर्षाला सुमारे चारशे पौंडांचे उत्पन्न, लग्न नाही, घरात पाच नोकर आणि १७७९पासून सोबतीला पुतणी नॅन्सी. बेट्सी व्हाइट नावाच्या तरुणीशी जुळत आलेले लग्न तिने दुसऱ्याशी विवाह केल्यामुळे मोडले, एवढाच काय तो त्याच्या आयुष्यातील नाट्यमय प्रसंग. त्याने ग्रंथ लिहिला नाही, वाद घातला नाही, सुधारणा केली नाही. विद्यार्थिदशेत सुरू केलेल्या नोंदी मात्र तो १७ ऑक्टोबर १८०२पर्यंत लिहीत राहिला. जॉन बेरेसफर्डने त्यांतील निवडक भाग १९२४ ते १९३१ या काळात पाच खंडांत प्रसिद्ध केला आणि पुढे त्याचाही एका खंडात संक्षेप झाला. सामान्य वाचकाला परिचित असलेला वुडफोर्ड तो हा : खादाड, प्रेमळ, थोडासा आळशी, घरी बीअर करणारा, पत्त्यांत पुतणीकडून पेनी जिंकणारा आणि फ्रान्समध्ये क्रांती होत असताना जेवणाचे पदार्थ टिपून ठेवणारा पाद्री.

या प्रतिमेचा केंद्रबिंदू म्हणून जो प्रसंग पुन्हा पुन्हा उद्धृत होतो, तो एप्रिल १७७८मधील आहे. १५ तारखेच्या नोंदीत आरंभीच पिंपभर कडक बीअर केल्याचा उल्लेख येतो. त्यानंतर वुडफोर्ड आपल्या दोन मोठ्या डुकरांकडे वळतो. एका पिंपातून काढून टाकलेला बीअरचा गाळ त्यांनी पोटभर खाल्ला आणि ती इतकी झिंगली की त्यांना उभे राहता येईना, जवळजवळ मेल्यासारखी पडून राहिली. इतकी प्यालेली डुकरे आपण जन्मात पाहिली नसल्याचे तो लिहितो आणि त्यांच्या बेशुद्धीचा फायदा घेऊन त्यांचे कान चिरून घेतल्याचेही नमूद करतो. दुसऱ्या दिवशीही डुकरे अंगणात कोलमडत आहेत. दुपारनंतर ती बऱ्यापैकी शुद्धीवर आल्याची नोंद होते आणि प्रकरण संपते.

प्रसंग गमतीचा आहे यात शंका नाही. परंतु विनोदाच्या भरात एक गोष्ट नजरेतून सुटते. बीअर करणे या दिवसभराच्या कष्टाच्या कामाला नोंदीत एक वाक्य मिळते. डुकरांच्या नशेला दोन दिवस मिळतात. हेडन व्हाइटने १९८० सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात मध्ययुगीन वार्षिकवृत्तांची चर्चा करताना असे दाखवले आहे, की ज्या नोंदीत घटना केवळ कालक्रमाने मांडलेल्या असतात तिला कथन म्हणता येत नाही. कथनासाठी घटनांना मध्य आणि शेवट देणारी एखादी नैतिक वा सामाजिक व्यवस्था मनात असावी लागते. वुडफोर्डच्या दैनंदिनीत कथन जन्मते ते व्यवस्था बिघडते तेव्हा. बीअर नेहमीसारखी झाली, तर तिला कथा नाही. गाळ भलत्याच पोटात गेला, की आरंभ, मध्य आणि शेवट असलेली गोष्ट तयार होते. संक्षेपकार स्वाभाविकपणे गोष्ट उचलतो. पूर्ण संहितेत ठराविक अंतराने येणाऱ्या, जवळजवळ एकाच साच्यातील 'बीअर केली' या नोंदी त्याला गाळाव्याच लागतात, कारण त्यांत निवडण्यासारखे काही नसते. परिणामी जे या घराच्या जगण्याची चौकट होते ते अदृश्य होते, आणि जो अपवाद होता तो या जगण्याचा प्रतिनिधी ठरतो. झिंगलेल्या डुकरांमुळे वुडफोर्ड प्रसिद्ध झाला. ज्या बीअरमुळे ती झिंगली तिच्याविषयी मात्र फारसे कोणी विचारत नाही.

विचारायचे तर पहिला प्रश्न व्याकरणाचा आहे. वुडफोर्डच्या नोंदीतील पहिल्या वाक्याला कर्ता नाही. इंग्रजी दैनंदिनीत प्रथमपुरुषी सर्वनाम गाळण्याची पद्धत जुनी आहे. त्यामुळे इंग्रज वाचक 'गेलो', 'जेवलो', 'झोपलो' यांच्या रांगेतच हे क्रियापद वाचतो आणि गाळलेला कर्ता 'मी' आहे असे गृहीत धरतो. 'घरी बीअर करणारा पाद्री' ही प्रतिमा या गृहीतकावर उभी आहे. ही नोंद मराठीत आणू पाहणाऱ्याची मात्र येथे अडचण होते आणि ती अडचण उद्बोधक आहे. 'नॉर्विचला गेलो' यात क्रियापदच पुरुष सांगून टाकते. सर्वनाम नसले तरी कर्ता लपत नाही. 'आज पिंपभर कडक बीअर केली' यात क्रियापद कर्माच्या लिंगवचनाला बांधलेले असते. ते बीअरविषयी बोलते, करणाऱ्याविषयी मौन पाळते. बीअर कोणी केली? मराठी वाक्य हा प्रश्न उघडा ठेवते. इंग्रजीत जो कर्तृलोप सर्वत्र एकसारखा दिसतो, त्याच्या पोटात दोन निराळ्या गोष्टी आहेत हे मराठीच्या कर्मणि प्रयोगामुळे लक्षात येते. काही ठिकाणी कर्ता इतका उघड आहे की तो सांगायला नको. काही ठिकाणी तो सांगण्याची गरजच वाटलेली नाही.

अठराव्या शतकातील अशा घरात बीअर करणे म्हणजे काय, हे थोडे तपशिलात पाहिले पाहिजे. मोड आणून भाजलेले जव, म्हणजे माल्ट, भरडायचे. तांब्याच्या मोठ्या हंड्यात पाणी तापवायचे. ते माल्टवर ओतून तासन्‌तास मुरत ठेवायचे. गोड अर्क निथळून घ्यायचा. तो हॉप्सच्या फुलांबरोबर उकळायचा. पसरट भांड्यांत निववायचा. मग त्यात किण्व घालून तो आंबवायचा आणि पिंपांत भरायचा. त्याच माल्टवर दुसऱ्यांदा पाणी घातले की हलकी बीअर मिळते. ती घरातल्यांनी आणि नोकरांनी रोज प्यायची. उरलेला चोथा जनावरांना जातो, वर आलेला फेस पाव फुगवायला वापरता येतो. पाणी वाहून आणणे, जळण घालणे, हंडे आणि पिंपे घासणे यांतच निम्मा दिवस जातो. विक्रीच्या बीअरवर असलेला कर घरी पिण्यासाठी केलेल्या बीअरवर नव्हता, माल्टवरचा तेवढा भरावा लागे. त्यामुळे ऐपतदार घराला हे काम किफायतशीरही होते. पाच नोकरांच्या घरात हे कष्ट पाद्रीबुवा स्वतः उपसत असतील असे मानण्याचे कारण नाही. भट्टीघरात घाम गाळणारे हात दुसऱ्यांचे असतात आणि नोंद करणारा हात पाद्र्याचा असतो.

येथवर आल्यावर एक सोपे निदान हाताशी येते : वर्गीय दृष्टी श्रम पुसून टाकते. निदान खोटे नाही, पण ते या संहितेला पुरत नाही. कारण वुडफोर्ड खालच्या माणसांची नावे अजिबात घेत नाही असे नाही. उलट, ज्यांची नावे त्याने लपवावीत अशी अपेक्षा असावी, त्यांची नावे तो बिनदिक्कत लिहितो. मार्च १७७७मध्ये अँड्र्यूज नावाचा चोरटा व्यापारी रात्री अकराच्या सुमारास बैठकीच्या खिडकीखाली शीळ घालतो, घरातली माणसे थोडी दचकतात, तो सहा पौंड वजनाची हायसन चहाची पिशवी देतो आणि पाद्री त्याला जिन पाजून पौंडाला साडेदहा शिलिंग या दराने पैसे चुकते करतो. १७८० साली याच माणसाची वाट पाहत पाद्री मध्यरात्र उलटेपर्यंत जागतो आणि नोंदीत त्याच्या धंद्याला 'प्रामाणिक' असे विशेषण जोडतो. कायद्याच्या दृष्टीने ज्याचे नाव कागदावर येऊ नये त्याचे नाव, धंदा आणि चारित्र्य अशा तिन्ही गोष्टी कागदावर आहेत. आणि ज्यात बेकायदा काहीच नाही त्या बीअरच्या कर्त्याचे नाव नाही. कर्तृलोपाचे कारण सावधगिरी नव्हे, एवढे यावरून निश्चित होते.

मग नाव येते कुठे? नोंदी सलग वाचत गेले तर एक संगती दिसू लागते. जेथे नाणे एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेथे नाव येते. चहाचे पैसे घेणारा अँड्र्यूज येतो. जानेवारीत वर्षाचा पगार घेताना नोकर एकेक करून, नाव आणि रक्कम यांसह येतात. दशमांश द्यायला डिसेंबरात येणारे शेतकरी येतात. सेंट थॉमसच्या दिवशी, २१ डिसेंबरला, प्रत्येकी सहा पेन्स घेणारे गरीब येतात. नाताळला स्वयंपाकघरात जेवून एकेक शिलिंग घेऊन जाणारे म्हातारे येतात. व्हॅलेंटाइनच्या दिवशी प्रत्येकी एक पेनी मिळवणारी गावातली पोरेसुद्धा, निदान संख्येने, येतात. त्यांच्यासाठी पाद्र्याने घातलेली अटही मासलेवाईक आहे : वय चौदाच्या आत हवे आणि बोलता यायला हवे. अठराव्या शतकातील मराठी दफ्तरांशी परिचित असलेल्या वाचकाला हा तर्क अनोळखी वाटणार नाही. तो रोजकीर्दीचा तर्क आहे. वुडफोर्डच्या दैनंदिनीचे सांगाडारूप रोजनिशीपेक्षा रोजकीर्दीला जवळचे आहे. जमाखर्चाच्या स्तंभात शिरणाऱ्या व्यक्तीला नाव मिळते. बीअर करणाऱ्याला त्या दिवशी काही द्यायचे नसते, त्याचे वर्षाचे ठरलेले असते, म्हणून त्या दिवशी तो नसतो.

वुडफोर्डला अंतरंग नाही, ही तक्रार या दृष्टीने पुन्हा तपासावी लागते. व्हर्जिनिया वुल्फने 'द कॉमन रीडर'च्या १९३२च्या दुसऱ्या मालेतील निबंधात त्याच्यावर लिहिताना असा अभिप्राय दिला आहे, की या माणसाबाबत गूढ असे एकच आहे आणि ते म्हणजे त्याने दैनंदिनी लिहिली. तो कबुली देत नाही, आत्मपरीक्षण करीत नाही, भावी वाचकाला उद्देशून बोलत नाही. वुल्फचे निरीक्षण अचूक आहे. मात्र दैनंदिनी म्हणजे आत्म्याशी संवाद ही एकोणिसाव्या शतकाने रुजवलेली अपेक्षा त्यामागे उभी आहे. रोजकीर्द कोणी कोणासाठी लिहिली हे कोणी विचारीत नाही. ती लिहिली नाही तर दिवसाचा हिशेब लागत नाही, एवढे कारण तिला पुरते. मोरीस ब्लांशोने १९५९ साली म्हटल्याप्रमाणे, वरवर कोणताही निर्बंध नसलेला हा लेखनप्रकार एका कठोर अटीने बांधलेला असतो आणि ती अट म्हणजे दिनदर्शिका. वुडफोर्डने ही अट चाळीसहून अधिक वर्षे पाळली आणि तिच्या जोडीला दुसरी अट स्वतःच घालून घेतली : बेरीज जुळली पाहिजे.

आता त्याच्या करमणुकींकडे आणि सहलींकडे वळता येते. येथे वरील संगती काही ठिकाणी पक्की होते आणि एका ठिकाणी चांगलीच लंगडी पडते.

प्रथम एक खबरदारी. या घरातील बीअरला 'छंद' म्हणता येत नाही, जरी आजचा वाचक तसे म्हणायला उत्सुक असला तरी. काम आणि फुरसत यांची फारकत झाल्याशिवाय छंद ही कोटीच संभवत नाही. इंग्लंडमध्ये १८८० साली माल्टवरचा कर रद्द होऊन कराचा भार बीअरवर आला आणि घरी बीअर करणाऱ्याला परवाना लागू लागला. तो १९६३मध्ये रद्द झाला. अमेरिकेत दारूबंदीच्या काळापासून बेकायदा राहिलेल्या घरगुती बीअरला १९७८ सालच्या कायद्याने मोकळीक मिळाली आणि दोन प्रौढांच्या कुटुंबाला वर्षाला दोनशे गॅलनची मर्यादा घालून देण्यात आली. यानंतरचा घरगुती बीअरवाला आठवडाभर दुसरीकडे नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी गॅरेजमध्ये हंडा चढवतो. त्याच्या टिपणवहीत तापमान आणि घनता यांचे आकडे असतात आणि हंडा घासणाराही तो स्वतःच असतो. त्याच्या बाबतीत 'बीअर केली' या वाक्याचा कर्ता संदिग्ध नाही. वुडफोर्ड या आधुनिक छांदिष्टाचा पूर्वज म्हणून वाचला जातो तेव्हा दोन शतकांचा फरक पुसला जातो, आणि त्याबरोबर भट्टीघरातील माणसे दुसऱ्यांदा पुसली जातात.

वुडफोर्डची खरी फुरसत घराबाहेर आहे : नॉर्विचची फेरी, शेजारच्या पाद्र्यांकडे आळीपाळीने होणारी जेवणे, सशांची शिकार, मासेमारी, सॉमरसेटला नातलगांकडे जाण्याचा लांबचा प्रवास. १ जून १७८५ रोजी तो नॉर्विचला डेकरचे फुग्यातील उड्डाण पाहतो. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तेथील एका खाणावळीत 'विद्वान डुक्कर' पाहायला जातो. काळा, रोडका, गळ्यात पट्टा असलेला हा वराह समोर मांडलेली अक्षरे आणि आकडे निवडून कोणताही शब्द वा संख्या जुळवून दाखवतो. पाद्री त्याच्या बुद्धीने थक्क होतो आणि पाहण्याचे मोल एक शिलिंग असे लिहून नोंद पुरी करतो. सात वर्षांपूर्वीची झिंगलेली डुकरे आणि हा साक्षर वराह यांचे एकत्र वाचन कोणत्याही संरचनावाद्याला मोहात पाडील : निसर्ग आणि संस्कृती, गाळ आणि अक्षर, फुकट आणि शिलिंग. हा मोह आवरलेला बरा. तरी एवढे म्हणता येईल, की दोन्ही नोंदींत आश्चर्याची मात्रा सारखी असून हिशेबाची जागा वेगळी आहे. घरच्या डुकरांचा प्रकार पैशाविना घडतो म्हणून त्याला गोष्टीच्या रूपाने संपावे लागते. बाहेरच्या डुकराचा प्रकार शिलिंगावर संपू शकतो.

मे १७८१मधील मासेमारी मात्र या हिशेबात बसत नाही. वुडफोर्ड नोकरांना बरोबर घेऊन सकाळी निघतो, नदीत जाळे ओढतो, एकाच ओढीत दहा बादल्या मासे येतात, त्यांत वारभर लांबीचा, तेरा पौंडांहून जड पाइक मासा असतो. दिवस अत्यंत आनंदाचा होता हे वाक्यावाक्यातून जाणवते. आणि येथे बरोबरच्या माणसांची नावे येतात. त्यांना काही दिले जात नाही, तरी येतात. 'जेथे नाणे तेथे नाव' हे सूत्र येथे मोडते, आणि ते मोडते तेथेच या दैनंदिनीविषयी अधिक काही कळते. नदीच्या पात्रात पाद्री आणि त्याचे नोकर एकाच जाळ्याला हात लावून उभे आहेत. भट्टीघरात ते एकत्र नसतात. म्हणजे नाव मिळण्याची दुसरी वाट नजरेची आहे. वुडफोर्ड जे पाहतो त्याला तो नाव देतो, आणि जे विकत घेतो त्याला नाव देतो. घरातले काम तो पाहत नाही आणि रोज विकतही घेत नाही. घर ही या दैनंदिनीतील सर्वांत परिचित आणि म्हणूनच सर्वांत कमी पाहिली गेलेली जागा आहे. १७८६च्या डिसेंबरअखेरीस रात्री नऊच्या सुमारास पुढच्या दारावर धप्पकन आवाज होतो. पाद्री बाहेर जाऊन पाहतो तो जिनचे एक आणि ब्रँडीचे एक अशी दोन पिंपे ठेवलेली आणि माणूस कोणीच नाही. हे सारे तो तपशिलाने लिहितो. घरात येणारी वस्तू अशी उंबऱ्यावर अवचित अवतरली तर ती दिसते. मागच्या दारी तयार झाली तर दिसत नाही.

रोलां बार्थने १९६८ साली फ्लोबेरच्या कथेतील वायुभारमापकाची चर्चा करताना, कथानकाला निरुपयोगी असा तपशील 'हे वास्तव आहे' एवढेच सुचवण्याचे काम करतो, असे प्रतिपादन केले. वुडफोर्डच्या तपशिलाला ही उपपत्ती लागू पडत नाही, कारण तपशील निरुपयोगी ठरवायला आधी कथानक हवे. ३ डिसेंबर १७७६च्या दशमांशाच्या मेजवानीत खारवलेला मासा, मटणाची तंगडी, डुकराचे मुंडके, गोमांस आणि पुडिंगे होती. वाइनच्या सहा बाटल्या आणि दीड गॅलन रम संपली. एल किती संपली ते मात्र त्याला सांगता येत नाही. सारी संहिता मोजमापांनी भरलेली असताना 'एल किती, कोण जाणे' ही कबुली लक्षणीय आहे. वाइन आणि रम विकत आणलेली, म्हणून मोजलेली. एल घरच्या पिंपातली. तिला बाटली नाही, किंमत नाही, म्हणून अंकही नाही. जे घरात तयार होते त्याचा कर्ता नाही आणि त्याचे मापही नाही. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त मांडलेल्या लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी या दोन ध्रुवांपैकी अशा लेखनाला कोठे ठेवायचे, हा प्रश्न सोपा वाटतो, कारण ते उघडच लौकिक आहे. पण लौकिकाचेही थर असतात. ज्याची किंमत झाली तो लौकिकाचा एक थर आणि ज्याची किंमत करण्याचे सुचलेच नाही तो त्याखालचा. वुडफोर्डच्या संहितेत दुसऱ्याची चाहूल पहिल्यातील फटींतूनच लागते.

या खालच्या थरात सर्वांत जास्त काळ वावरणारी व्यक्ती नॅन्सी आहे. तिला वर्षाला दहा पौंड मिळतात, त्यामुळे वर्षातून एकदा ती हिशेबात येते. पत्त्यांच्या डावात तिने हरलेले वा जिंकलेले पेन्स येतात. सहलीत, चर्चमध्ये, शेजारच्या कस्टन्स कुटुंबाकडच्या भेटींत ती सोबत असते. घर चालवण्यात तिचा वाटा काय, हे मात्र दैनंदिनी क्वचितच सांगते. १७९२मध्ये कस्टन्स कुटुंब बाथला राहायला गेले आणि वेस्टनमधील तिचे एकमेव समवयस्क वर्तुळ तुटले. नंतरच्या वर्षांत ती खेड्यातल्या कंटाळवाण्या आयुष्याविषयी कुरकुर करते, रुसते, दिवसभर नीट बोलत नाही आणि चुलता त्याची दुखावलेल्या सुरात नोंद करतो. ज्या पुनरावृत्तीत त्याला स्वास्थ्य लाभते तीच तिचा जीव घुसमटवते. रोजच्या जगण्याचा भार सर्वांत जड होऊन पडतो तो स्त्रियांवर, हे आंरी लफेव्रचे म्हणणे येथे आठवते. मात्र लफेव्रच्या विसाव्या शतकातील शहरी गृहिणीला निदान वेगळ्या आयुष्याची चित्रे जाहिरातींत दिसत होती. नॅन्सीपुढे बाथहून येणारी पत्रे होती.

सुदैवाने नॅन्सीनेही दैनंदिनी लिहिली. तिची १७९२ची दैनंदिनी 'वुडफोर्ड पेपर्स अँड डायरीज' या १९३२ साली निघालेल्या पुस्तकात छापली गेली आहे. तीच घरे, तीच माणसे, तोच दिनक्रम, दुसऱ्या हाताने लिहिलेला. या दोन संहिता समोरासमोर ठेवून वाचण्याचे काम झाल्याशिवाय वुडफोर्डचा निवांतपणा कोणाच्या खर्चाने आला हे पुरते उलगडणार नाही. संक्षिप्त आवृत्तीत नॅन्सी बहुधा गोड पुतणी तरी असते किंवा चिडखोर पुतणी तरी. दोन्ही वेळा ती चुलत्याच्या स्वभावचित्राची पूरक रेषा म्हणून येते.

फ्रेंच राज्यक्रांतीची गोष्ट शेवटी ठेवली आहे, कारण तिच्यावरून वुडफोर्डला हिणवणे फार सोपे आहे. जुलै १७८९मध्ये वृत्तपत्रांतून फ्रान्समधील मोठ्या बंडाची वार्ता कळल्याचे तो एका त्रोटक वाक्यात लिहितो आणि दिवस पुढे सरकतो. याला असंवेदनशीलता म्हणणारे टीकाकार २९ ऑक्टोबर १७९५ची नोंद विसरतात. त्या दिवशी तो नॅन्सीला घेऊन लंडनमध्ये होता. तिसरा जॉर्ज पार्लमेंटला जात असताना जमावाने त्याच्या गाडीवर हल्ला केला, तो गर्दीचा दिवस वुडफोर्डने स्वतः पाहिला, आणि ती नोंद लांब, अस्वस्थ आणि तपशीलवार आहे. इतिहास त्याला नको होता असे नाही. वर्तमानपत्रातून आलेल्या इतिहासाला एक ओळ मिळते, सहलीत डोळ्यांसमोर उभ्या राहिलेल्या इतिहासाला पान मिळते. मासेमारीच्या दिवशी नोकरांना नावे देणारा न्याय तो हाच. ज्याला हा न्याय क्रांतीच्या बाबतीत संकुचित वाटतो, त्याने तो भट्टीघराच्या बाबतीतही तितकाच संकुचित मानायला हवा. वुडफोर्डच्या चाहत्यांनी आणि टीकाकारांनीही आजवर पहिलीच तक्रार केली; दुसरी फारशी कोणाला सुचली नाही.

१९६८ साली स्थापन झालेल्या पार्सन वुडफोर्ड सोसायटीने पुढे सतरा खंडांत संपूर्ण दैनंदिनी उपलब्ध करून दिल्यावर या संहितेची वाचनशर्त बदलली आहे. सतरा खंड वाचणे कष्टाचे आहे. त्यांतील बहुसंख्य पाने एकमेकांसारखी आहेत, आणि त्यांना दडलेल्या सौंदर्याचा साज चढवण्याचा प्रयत्न अप्रामाणिक ठरेल. तरीही निवडक वुडफोर्डमध्ये विनोदी वाटणारी वाक्ये तेथे निराळी वागतात. उत्तरायुष्यात जवळजवळ प्रत्येक नोंदीच्या शेवटी त्या दिवशीचे जेवण येते. संक्षेपात ही खादाडाची खूण वाटते. सलग वाचनात ती दिवस मिटवण्याची मोहोर होते, पत्राच्या शेवटी मर्यादेचा शिक्का मारावा तशी. १७ ऑक्टोबर १८०२ची अखेरची नोंद याच घडणीची आहे. पाद्र्याला कपडे चढवण्याचेही त्राण उरलेले नाही, आधाराने तो कसाबसा जिना उतरतो, चर्चमध्ये दुसराच पाद्री प्रार्थना म्हणतो, नॅन्सी चर्चला जाऊन येते, कस्टन्स पतिपत्नीही तेथे असतात. आणि जेवणाला भाजलेले गोमांस. ते कोणी भाजले याचा उल्लेख नाही. त्यानंतर वुडफोर्ड अकरा आठवडे जगला. त्या काळात वेस्टनच्या घरात बीअर केली गेली की नाही, हे या दैनंदिनीवरून सांगता येत नाही.